रिकामा नेफा

आमच्या शिवणखोलीतून नाडीशिवाय एकही जाकीट बाहेर जात नाही. टोपीच्या कडेला दुमड घालून जी पोकळ पट्टी शिवतात तो नेफा, आणि त्यातून ओवतात ती नाडी. ती मी स्वतः दोनदा ओढून बघते, मगच जाकीट टेबलावरून हलतं. चोवीस वर्षं हेच चाललंय. म्हणून तळावर मला नाडीबाई म्हणतात. तोंडावर एवढंच म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते शेजारच्या टेबलावरची काजबाई मला सांगते, आणि सांगताना स्वतःची थोडी भर घालते.

तळ म्हणजे डोंगराच्या पायथ्याची आमची वस्ती. इथून वर एक रस्ता जातो, आणि तो जिथे संपतो तिथे एका मोठ्या दुर्बिणीसाठी पोलादी घुमट उभा राहतोय. माझी मुलगी वेल्डर आहे. वय बावीस. गॅंगमध्ये तिला ठिणगी म्हणतात, आणि घरी मी म्हणते त्याहून ते नाव बरं आहे.

तीन-चार महिन्यांपूर्वी ती पहिल्यांदा वर गेली. सकाळी ट्रकमध्ये बसली, संध्याकाळी वर पोचली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच ट्रकमधून तिला खाली आणलं. ओठ निळे, श्वास घेताना छातीतून पाणी उकळल्यासारखा आवाज, आणि रुमालावर गुलाबी फेस. दवाखान्यात नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. दोन दिवसांनी तो जरा बाजूला केला तेव्हा पहिलं वाक्य काय, तर, "माझं हेल्मेट वरच राहिलं का गं?"

"हेल्मेटचं काय घेऊन बसलीस, कार्टे. तू राहिली असतीस."

तिचे बाबा लांबच्या मार्गावर ट्रक चालवतात. ते फोनवर आधी रडले आणि मग माझ्यावरच ओरडले. काळजी करायची ही त्यांची पद्धत आहे, पंचवीस वर्षांत बदललेली नाही.

मला मात्र गुलाबी फेस नवा नव्हता. चोवीस वर्षांपूर्वी, वरचा रस्ता खोदत होते तेव्हा, माझ्या दादाला असंच खाली आणलं होतं. फक्त त्याला आणलं तेव्हा तो श्वास घेत नव्हता. दादा सव्वीसचा, एका हाताने पहार फिरवणारा. त्याच्यासाठी मी जाकीट शिवत होते. सगळं झालं, टोपीही लागली, नेफाही झाला, आणि ट्रकचा भोंगा वाजला. "नाडी राहिली रे," म्हटलं. "पुढच्या खेपेला घाल," म्हणाला आणि जाकीट तसंच अंगात चढवून पळाला. चौथ्या दिवशी आईने त्याच्या गार कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "कानातून वारं शिरलं. छातीत थंडी भरली पोराच्या."

आईला माहीत नव्हतं की ती कोणाकडे बोट दाखवतेय. मी सांगितलंही नाही. जाकीट घडी करून कपाटात ठेवलं, आणि त्या दिवसापासून इतरांच्या नाड्या ओढून बघायला लागले.

आता पोरीला बरं वाटू लागल्यावर मी डॉक्टरीणबाईंना गाठलं. तिशीची मुलगी, केस कसे तरी बांधलेले, कोटाचं एक बटण लोंबतंय.

"मावशी, घाबरू नका, ती बरी होतेय," म्हणाल्या.

"मी घाबरलेली नाही. मला कळत नाहीये, ते वेगळं. ट्रकमध्ये अकराजण होते. नऊजणांचं नुसतं डोकं दुखलं, एक ओकला. पाणी हिच्याच छातीत का?"

त्या खुर्चीवर बसल्या. हे मला आवडलं. उभ्याने सांगतात त्यांना सांगायचं नसतं.

"फुप्फुसाची एक सवय असते," त्या म्हणाल्या. "एखाद्या कोपऱ्यात हवा पोचत नसेल, तर तिथल्या रक्तवाहिन्या आवळून घ्यायच्या, आणि रक्त जिथे हवा आहे तिकडे पाठवायचं. चांगली सवय आहे. पण वर गेलं की सगळीकडेच हवा विरळ. मग ते सगळीकडेच आवळत सुटतं. बहुतेकांचं बेताने आवळतं. काहींचं जन्मतःच फार जोरात. तुमची मुलगी त्यातली. खाली राहिली असती तर आयुष्यभर कळलं नसतं."

"रक्तवाहिन्या म्हणजे?"

"नाड्या म्हणा हो. छातीतल्या नाड्या आवळल्या जातात."

हा शब्द ऐकला आणि माझा हात आपोआप गळ्यापाशी गेला, टोपीची नाडी असते तिथे. "आवळून पाणी कसं येईल?" मी विचारलं. आणि विचारता विचारताच मला दिसलं. "थांबा. सारख्या आवळत नाहीत ना त्या?"

"म्हणजे?"

"नेफ्यात नाडी ओढली की चुण्या सगळीकडे सारख्या पडत नाहीत. एका बाजूला गच्च गोळा होतात आणि दुसरी बाजू सपाट राहते. मग सगळा ताण त्या सपाट बाजूवर. टीप तिथे उसवते."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "अगदी हेच. काही नाड्या गच्च बंद, काही उघड्या. सगळं रक्त त्या उघड्यांमधून जोराने घुसतं, त्यांच्या भिंती इतका जोर सोसत नाहीत आणि पाझरतात. हवेच्या जागी पाणी. मावशी, तुम्ही कुठे शिकलात?"

"मशीनवर."

मग मी दादाचं सांगितलं. टोपीचंही सांगितलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही लोंबत्या बटणाच्या एका परक्या मुलीला.

"थंडीने नाड्या थोड्या जास्त आवळतात, तुम्हाला खोटं सांगणार नाही," ती म्हणाली. "पण टोपीला नाडी नव्हती म्हणून माणूस मरत नाही. तो एका दिवसात वर गेला, पहिल्याच दिवशी पहार मारली, आणि त्रास व्हायला लागल्यावर खाली आला नाही. तुमच्या घरातच हे असणार. दणकट माणसं यात जास्त सापडतात, कारण ती घाई करतात."

मी तिचा कोट काढून घेतला आणि बटण लावून दिलं. दुसरं काय करणार होते?

पोरगी आठ दिवसांनी घरी आली आणि नवव्या दिवशी म्हणाली, "मी परत वर जाणार."

"नाही जाणार."

"आई, घुमटाला चोवीस बरगड्या आहेत. सातवी मी अर्धी जोडून आलेय. तुझ्या अर्ध्या टिपेवर दुसऱ्याने टीप मारलेली चालेल तुला?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. पण मुकादमाने माझं काम सोपं केलं. तिचं नाव त्याने वरच्या यादीतून काढलं आणि तिला खालच्या शेडमध्ये कुंपणाचे गज जोडायला बसवलं. मी इतकी खूश झाले की शिवणखोलीत सगळ्यांना चहा पाजला. काजबाई म्हणाली, "पोरीचं लग्न ठरल्यासारखी काय करतेस?"

खुशी आठ दिवस टिकली. पोरगी शेडवरून यायची, जेवायची, भिंतीकडे बघत बसायची. भांडायचीसुद्धा नाही. आमच्या घरात भांडण बंद झालं की समजावं, काहीतरी मोडलंय. मग एकदा दुपारी जेवणाच्या रांगेत मी तिच्या मागे उभी होते, आणि पुढून एक ड्रायव्हर म्हणाला, "ठिणगी विझली वाटतं. दम नाही राव."

ती वळली नाही. तिचे कान तेवढे लाल झाले. दादाचे व्हायचे, तसेच.

मी ताट तिथेच ठेवलं आणि तडक दवाखान्यात गेले. "तिला वर जायचंच असेल तर कसं जायचं?"

"जा असं मी म्हणणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकदा झालं त्याला परत व्हायची भीती मोठी असते. पण जायचंच तर असं." आणि कागदावर लिहून दिलं. वाटेत पाच थांबे, प्रत्येक थांब्यावर दोन रात्री. झोपायची जागा आधीच्यापेक्षा फार उंच नको. पहिले दिवस जड काम नाही. नाड्या सैल ठेवणारी गोळी, वेळेवर. सर्दी-खोकला असताना एक पाऊलही वर नाही. आणि बसल्या जागी दम लागला तर त्याच क्षणी खाली. याच्यापुढे त्यांनी दोन रेघा मारल्या.

"आणि मावशी, तुम्ही सोबत जाणार असाल तर आधी तपासून घ्या. भाऊ तुमचा सख्खा होता. गोळी तुम्हालाही लागेल."

"मी काय बरगड्या जोडायला चाललेय? मी नुसती बसणार."

कागद घेऊन मी मुकादमाकडे गेले. त्याची खोली म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर ट्रकचं वेळापत्रक. त्याने कागद वाचला, उलटा करून पाठही वाचली. पाठीवर काही नव्हतं.

"दहा दिवस? ताई, ट्रक एका दिवसात पोचतो."

"माणूस पोचत नाही."

"बाकीचे सगळे पोचतात."

"त्यांच्या नाड्या वेगळ्या. उंची वेगळी म्हणून तू कधी कोणाला पँट आखूड दिलीस का? मापं घेऊनच देतोस ना?"

"मापं तुम्ही घेता. मी नुसती सही करतो." मग त्याने कागद माझ्याकडे सरकवला. "नाही नेणार. तुमच्या घरातला एक मी खाली आणलाय. या हातांनी. दुसरा आणणार नाही."

मला माहीत होतं. दादाला ट्रकमध्ये यानेच मांडीवर घेतलं होतं, तेव्हा हा मुकादम नव्हता, दादाचा जोडीदार होता. मी उठायला लागले, तर तो वेळापत्रकाकडे बघतच म्हणाला, "आदल्या दिवशीच तो म्हणत होता, मी खाली जातो, छाती भरल्यासारखी वाटतेय. मी म्हटलं, एवढ्यात? दम नाही का रे तुझ्यात? गंमत म्हणून बोललो, ताई. मग तो थांबला."

मी परत बसले. मी चोवीस वर्षं एक नाडी धरून बसले होते, आणि हा एक शब्द. दोघं एकाच तळावर, रोज एकमेकांना नमस्कार करत.

"नाडी माझी राहिली होती," मी म्हटलं.

"कसली नाडी?"

"सांगेन कधीतरी. आता ऐक. पाचही थांब्यांवरचे तंबू फाटलेत, हे तूच लिहून पाठवलंयस. ते खाली आणून शिवायचे म्हणजे महिना जाईल. मी मशीन घेऊन वर जाते. प्रत्येक थांब्यावर दोन दिवस लागतीलच. तंबूंचे सांगाडेही मोडलेत, त्याला वेल्डर हवा. हलकं काम आहे. ती माझ्यासोबत हळूहळू वर सरकेल."

त्याने कागद परत स्वतःकडे ओढला. मग हसला. "तुमचा भाऊ एवढा चलाख नव्हता."

"म्हणून तर."

"पण एक. हा कागद मी पाळणार. खाली म्हटलं की खाली. मी बघणार नाही तारीख."

"तू नाही. ती म्हणेल खाली."

आम्ही निघालो. पायाचं मशीन, कापडाचे दोन गठ्ठे, वेल्डिंगची पेटी, आणि आम्ही दोघी. पोरीने पहिल्याच थांब्यावर नियम केला. रोज सकाळी दोघींनी एका दमात म्हणायचं: सुई, दोरा, बॉबिन, पट्टा, चाक, पायटा, तेलाची बुधली, कात्री, टेप, खडू. मध्ये श्वास घेतला तर त्या दिवशी वर जायचं नाही. "हे डॉक्टरीणबाईंच्या कागदात नाहीये," मी म्हटलं. "माझ्या कागदात आहे," ती म्हणाली.

पहिला थांबा नीट गेला. दुसरा नीट गेला. ती सांगाडे जोडायची, मी जाड कापडावर दुहेरी टीप मारायची. गोळी वेळेवर, पाणी वेळेवर. खडूपर्यंत ती एका दमात पोचायची आणि वर "आणि माझी आई" असं जोडायची, जिंकल्यासारखं. आता खरं सांगते. दुसऱ्या थांब्यावरच माझं नाक वाहायला लागलं होतं. धुळीचं असेल, असं मी मलाच सांगितलं, आणि मलाच ते पटलं.

तिसऱ्या थांब्यावर कोरडा खोकला सुरू झाला. पहिल्या दिवशी मी तो मशीनच्या पायट्याच्या आवाजात दडवला. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपर्यंत दहा पावलं गेले आणि मशीन पाठीवर घेऊन आल्यासारखी धापा टाकू लागले. परत येऊन खुर्चीवर बसले, पाच मिनिटं, दहा मिनिटं. दम बसेना.

"चल, म्हण," पोरगी म्हणाली.

"सुई, दोरा, बॉबिन..." आणि श्वास संपला.

"परत."

"सुई, दोरा..."

तिने माझी नखं खिडकीच्या उजेडात धरली. मग कान माझ्या पाठीला लावला, लहानपणी लावायची तसा. तेव्हा ती म्हणायची, आई, तुझ्या आत कोणीतरी चालतंय. या वेळी कान काढला आणि म्हणाली, "खाली."

"अगं, सर्दी आहे नुसती."

"सर्दी? कधीपासून?"

मी नाक पुसलं. मग तिचं जे सुरू झालं! "मला दहा दहा वेळा गोळी विचारतेस आणि स्वतः? तपासून घेतलंस? नाही ना? मी काय बरगड्या जोडायला चाललेय म्हणे! मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही वाटतं?"

"तंबू अर्धा राहिलाय गं."

"राहू दे."

"उद्या तुला चौथ्या थांब्यावर... तारीख..."

"राहू दे तारीख."

"लोक म्हणतील," मी कसंबसं म्हटलं, "मायलेकी दोघींतही दम नाही."

"म्हणू देत. नाहीच्चे. तुझ्यात आत्ता अजिबात दम नाही, आई. ऊठ. नाही, उठू नकोस, मी धरते."

ट्रक खालून माल घेऊन आला होता, अजून रिकामाही झाला नव्हता. चालवणारा तोच, रांगेतला. म्हणाला, "आधी पोती उतरवू, मग—"

"पोती खाली घेऊन चल," ती म्हणाली. "फिरायला आली होती समज. गाडी वळव."

त्याने गाडी वळवली.

मला तिने स्वतःला टेकवून बसवलं होतं. छातीत तो आवाज येऊ लागला होता, तो आता मी आतून ऐकत होते. दादानेही हा ऐकला असणार, आणि ऐकूनही थांबला असणार. पोरीचा हात माझ्या पाठीवर होता आणि ती दर वळणाला ड्रायव्हरला सांगत होती, "हळू नको, नीट. नीट पण थांबू नको." पहिला थांबा मागे पडला तसा छातीवरचा गच्च बंद एकेक पेड सैल झाल्यासारखा वाटला. तिचा स्वर ऐकत असताना मला कळत होतं की मला भीती तिच्या नाड्यांची कधी नव्हतीच. त्या जन्मतःच तशा आहेत, त्यांना कोण काय करणार. भीती होती ती ही, की कोणी 'दम नाही' म्हटलं तर दादासारखी तीही वरच थांबेल. ही थांबणारी नव्हती. एका अर्ध्या शिवलेल्या तंबूसाठी नाही, तारखेसाठी नाही, माझ्यासाठीसुद्धा नाही.

डॉक्टरीणबाईंनी मास्क लावला आणि मग पोटभर बोलून घेतलं. मास्कमुळे मला उत्तर देता येत नव्हतं. त्यांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. काजबाई भेटायला आली आणि तळावर काय बोलतायत ते सांगितलं. भर घातली की नाही, कळलं नाही. म्हणाली, तो ड्रायव्हर सांगत फिरतोय, ठिणगीने माझी गाडी पोत्यांसकट वळवायला लावली, बाई आहे की वादळ.

पाचव्या दिवशी मी घरी आले. पोरगी पेटी भरत होती.

"पहिल्या थांब्यापासून सगळं परत," ती म्हणाली. "मुकादमकाका बरोबर येतायत. म्हणतात, तंबूंना टाके मी मारतो."

"त्याला सुई धरता येते का?"

"नाही. मामाचं जाकीट देशील?"

मी कपाट उघडलं. जाकिटाची घडी इतकी जुनी की मोडताना कापड कुरकुरलं. टोपीचा नेफा तसाच, रिकामा, दोन्ही टोकांची भोकं उघडी. मी मळकट हिरव्या रंगाची नाडी शोधली, सेफ्टी पिनीला अडकवली आणि सरकवायला लागले. चोवीस वर्षांनी कापड आतून चिकटलं होतं, दर बोटभर अंतरावर पिन अडायची. ती उभी राहून बघत होती. तिला आता सगळं माहीत होतं.

"याने काही होत नाही ना पण?" ती म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसं?"

"कान गार पडत नाहीत. तेवढं होतं." दुसऱ्या भोकातून पिन बाहेर आली. दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि दोनदा ओढून बघितलं. "आणि एका दमात म्हणायचं, रोज."

"खडूपर्यंत."

"मी फोनवर ऐकणार."

चौथ्या थांब्यावर तिला खोकला आला. कोणाला न विचारता ती दुसऱ्यावर उतरली, तीन दिवस बसून राहिली, मग पुन्हा चढली. मुकादमाने वेळापत्रक दोनदा खोडलं. सतरा दिवसांनी ती वर पोचली, पुढच्या आठवड्यात तिथून फोन आला, आणि ती काही बोलायच्या आधी मी म्हटलं, "म्हण." तिने सुईपासून खडूपर्यंत म्हटलं, मग "आणि माझी आई", मग "आणि सातवी बरगडी पूर्ण, आणि आठवीसुद्धा", आणि हे सगळं एका दमात.

महिन्याने ती खाली आली. नाक सोललेलं, ओठ फुटलेले, रंग मात्र लाल. जाकीट माझ्या टेबलावर टाकलं.

"नाडी तुटली."

"एवढी घट्ट ओढलीस?"

"वर वारा बघितलायस का? चौथ्यापासून सगळ्यांच्या टोप्या उडत होत्या. माझी नाही उडाली."

काजबाई मान वर करून आमच्याकडे बघत होती. मी तुटलेली टोकं ओढून काढली, पेटीतून जाडसर नाडी घेतली आणि पिनीला अडकवली. या वेळी पिन नेफ्यात कुठेच अडली नाही.